तिसऱ्या मजल्यावरची कंपनं

आमची इमारत हलतेय हे बाबांनी पहिल्यांदा जाहीर केलं ते लिफ्टमध्ये. जाहीर केलं हाच शब्द बरोबर आहे, कारण कऱ्हाडच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून गाड्या पुकारण्यात त्यांची उभी हयात गेली, आणि तो आवाज निवृत्तीनंतरही त्यांनी परत केला नाही. लिफ्टमध्ये आम्ही दोघं होतो आणि दुसऱ्या मजल्यावरची एक तमिळ बाई, भाजीची पिशवी घेऊन. बाबा तिला म्हणाले, "बहेनजी, आपकी बिल्डिंग हिलती है. मालूम है?" तिला हिंदी येत नव्हती. ती माझ्याकडे बघून हसली. "चुम्मा सोल्रारु," उगीच म्हणताहेत, असं मी तिला सांगितलं आणि दार उघडल्यावर बाबांच्या आधी बाहेर पडले. मला त्यांची लाज वाटली होती.

आई गेल्यावर मी त्यांना इथे आणलं. थोडे दिवस, असं सांगून आणलं. आमचं घर अंबत्तूरला, तिसऱ्या मजल्यावर. मी एका पंपांच्या कारखान्यात तपासणीचं काम करते, नवरा केंद्र सरकारच्या कारखान्यात. मुलगा शिकायला बाहेरगावी असल्याने एक खोली रिकामीच होती. माझ्या दृष्टीने सगळं सरळ होतं. बाबांच्या दृष्टीने ते लेकीचं घर होतं. त्यांच्या वडिलांनी म्हणे लेकीच्या घरी नातू होईपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. बाबा हे हसत सांगायचे, पण पंखा लावायचा तरी "लावू का ग?" असं विचारायचे. स्वतःचं ताट स्वतः घासायचे. माझा नवरा कामावरून आला की ते खुर्चीतून उठून उभे राहायचे, आणि "बसा हो बाबा" म्हणून म्हणून तो बिचारा कानकोंडा व्हायचा. मधूनमधून विचारायचे, "मग, माझं जायचं कधी?" मी म्हणायची, गणपती होऊ दे. मग म्हटलं, दसरा होऊ दे. मग इथला पाऊस सुरू झाला, तेव्हा पाऊस थांबू दे.

शेजारच्या रिकाम्या जागेवर कुणा बिल्डरने काम काढलं होतं. पायासाठी खांब ठोकणारं एक यंत्र सकाळपासून दणके द्यायचं. ते चालू असलं की आमच्या स्वयंपाकघरातली स्टीलची भांडी किणकिणायची, हे खरं आहे. इमारतीतले सगळेच वैतागले होते. त्यामुळे बाबा काहीतरी म्हणाले आणि ते हवेत विरलं, असं झालं नाही. त्यांना श्रोते मिळाले.

पहिले श्रोते म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. तळमजल्यावर राहायचे, बँकेतून निवृत्त झालेले, तंजावूरकडचे मराठी. इथले लोक तंजावूरच्या मराठी माणसाला आदराने रायर म्हणतात, म्हणून आख्ख्या इमारतीचे ते रायर. त्यांची मराठी ऐकली की मला पहिल्यांदा हसू यायचं. शब्द जुन्या बखरीतले आणि हेल पक्का तमिळ. पण बाबांना त्या परक्या गावात ती मराठी म्हणजे केवढा आधार! रोज सकाळी दोघं खालच्या बाकावर बसायचे. रायरांच्या घरातून कॉफी यायची, स्टीलच्या टंबलरमध्ये आणि खाली पसरट वाटीसारखा डवरा. या वाटीतून त्या पेल्यात कॉफी उंचावरून ओतून फेस आणायचा, ही इथली रीत बाबा आल्या आल्या मोठ्या हौसेने शिकले होते. मला करून दाखवायचे. मग कधीतरी ते ओतणं बंद झालं. डवरा हातात धरून ते नुसते त्यात बघत बसायचे.

हा डवराच त्यांचा पुरावा होता. मी कामाला निघताना त्यांनी मला हाक मारून दाखवला. "हे बघ. कॉफीवर लाटा बघ कशा उठतात. यंत्र आत्ता बंद आहे, तरी. म्हणजे इमारत आतून हलतेय." कॉफीवर खरोखरच बारीक गोल लाटा होत्या, कडेकडून मध्यात येणाऱ्या. रायरांनी मान हलवली. "होव. हालतें. मजही वाटतें." त्यांचा स्वतःचा डवरा बाकावर ठेवलेला होता आणि त्यातली कॉफी स्वस्थ होती. हे मला दिसलं. बाबांनी तो हातात धरलाय आणि रायरांनी नाही, एवढंही दिसलं. मला उशीर होत होता.

मला बाकीचंही बरंच दिसत होतं, हे लिहायला हवं. बाबांनी बटणांचे शर्ट घालायचं सोडून डोक्यावरून घालायचे सदरे सुरू केले होते. मी म्हटलं, इथलं गरम हवामान. दाढीला कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जायला लागले होते. मी म्हटलं, तेवढाच चार माणसांशी संबंध. रस्सम नको म्हणायचे, ताक नको म्हणायचे, आमटी भातात आधीच घट्ट कालवून मागायचे. म्हटलं, म्हातारपणाच्या आवडीनिवडी. वर्तमानपत्र हातात न धरता टेबलावर पसरून वाचायचे, उजवा हात मांडीखाली. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. दिवसभर पंपाच्या आवाजावरून त्याचं कुठलं बेअरिंग गेलंय ते ओळखणारी मी, आणि माझ्याच घरात मला काही ओळखायचं नव्हतं.

इमारत हलण्याचं प्रकरण मात्र वाढत गेलं. बाबा वॉचमनशी बोलले, दूधवाल्याशी बोलले, खुणा करून इस्त्रीवाल्याशी बोलले. "बिल्डिंग आडुदु" एवढं तमिळ त्यांनी शिकून घेतलं होतं. इमारत हलते. पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरूची बायको घाबरून माहेरी निघून गेली. मग चौथ्या मजल्यावरच्या एका घरमालकाने मला गेटपाशी गाठलं. माणूस सभ्य, पण सुरात धार होती. "मॅडम, तात्ता काय बोलतात ते तुम्हाला पटतं का? तुम्ही इंजिनियर ना? उद्या आमची घरं कोण घेईल?" तात्ता म्हणजे आजोबा. मी तिथे उभी राहून घामाघूम झाले. आमची इथली पंधरा-वीस वर्षांची नीट राहणी, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि बाबांनी ती अशी चव्हाट्यावर आणली म्हणून मला संताप आला.

त्याच संध्याकाळी मी मोजून टाकलं. यात विद्या काही मोठी नाही. फोन आडवा केला की पडद्यावरचं चित्र आडवं होतं, ते ज्या सेन्सरमुळे होतं त्यालाच बारीकसारीक हादरेही कळतात. एक साधं अॅप घ्यायचं, फोन जमिनीवर ठेवायचा, की पडद्यावर रेघ धावायला लागते. हादरा आला की रेघ उसळते, नाही आला की सरळ. कारखान्यात मोठं उपकरण आणण्याआधी आम्ही फोन पंपावर ठेवून अंदाज घेतो. घरात मी तो हॉलच्या मधोमध ठेवला, खांबापाशी ठेवला, बाबांच्या खोलीत त्यांच्या खुर्चीच्या पायाशी ठेवला. शेजारचं यंत्र चालू असताना दणक्यागणिक रेघ थोडी उडायची आणि लगेच बसायची. यंत्र थांबलं की रेघ थंड. आमच्या इमारतीला काहीही झालेलं नव्हतं.

मी बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "जमिनीवर ठेवून काय कळणार? मी खुर्चीत बसलो की मला जाणवतं. माणसाला जाणवतं ते मोज की."

"बाबा, माणसाला काय काय वाटतं. हे यंत्र आहे."

"तुझं यंत्र स्वस्तातलं असेल."

मी फोन उचलला आणि दार आपटून आत गेले. नवरा म्हणाला, "कशाला त्यांच्याशी घालतेस हुज्जत? वाटू दे त्यांना हलल्यासारखं." मी म्हटलं, चारचौघांत तोंड दाखवायला मला जागा उरली नाही, तुला काय.

त्या रविवारी खाली पार्किंगमध्ये मीटिंग ठरली. बिल्डरचा इंजिनियरही येणार होता. सोसायटीला त्याच्याविरुद्ध तक्रार करायची होती आणि तक्रारीत इमारत सतत हलते असं लिहायचं होतं, बाबांच्या सांगण्यावरून. काही लोक त्या बाजूचे, काही चौथ्या मजल्यावरच्या मालकाच्या बाजूचे. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, मधे एक टेबल. रविवार म्हणून शेजारी काम बंद होतं. बाबा धुतलेला सदरा घालून पहिल्या रांगेपाशी आले होते. त्यांना त्या दिवशी मान होता. बायका येऊन "तात्ता, उक्कारुंगो", बसा, म्हणत त्यांना पंख्याखालची खुर्ची देत होत्या.

ते उठून बोलले. हिंदी, मराठी आणि ते दोन तमिळ शब्द. पण आवाज असा की शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला. "मी रोज बघतो. यंत्र बंद असतानाही हलते. हे माझे मित्र साक्षीला आहेत." रायरांनी मान खाली घातली. बिल्डरचा इंजिनियर तरुण मुलगा होता, तो हातातलं हेल्मेट फिरवत "नो चान्स सर" एवढंच म्हणत होता. मग चौथ्या मजल्यावरच्या मालकाने माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, तुमच्या कारखान्यात हेच मोजता ना? मोजून दाखवा की."

रायर चटकन म्हणाले, "नक्को. मोजणें कशास? कंप्लेंट लिहूं आणि पाठवूं." आणि माझ्याकडे बघून मराठीत, हलक्या आवाजात, "राहूं द्या, बाळा."

मला वाटलं, म्हातारा आपल्या दोस्ताची बाजू घेतोय. मी पर्समधून फोन काढला.

फोन टेबलावर ठेवला. लोक भोवती गोळा झाले. रेघ सरळ. मी तो खांबाला टेकवून ठेवला. रेघ सरळ. मी आपल्या मोडक्या तमिळमध्ये आणि इंग्रजीत समजावून सांगत होते आणि मला ते आवडत होतं, हे कबूल करते. इतके दिवस मी तात्तांची मुलगी होते, आता मॅडम झाले होते. बिल्डरचा इंजिनियर मोठमोठ्याने मान डोलावत होता. बाबा खुर्चीतून म्हणाले, "जमिनीला काय विचारता? इकडे आण. माझ्या हातात दे."

मी दिला. त्यांनी उजव्या हाताच्या तळव्यावर फोन धरला, हात पुढे केला. पहिल्यांदा रेघ जराशी वेडीवाकडी, कुणाच्याही हातात होईल तेवढी. लोक बघत राहिले. बाबाही बघत राहिले, श्वास धरून. आणि मग हळूहळू रेघेत लाटा आल्या. एकसारख्या, एका उंचीच्या, एका अंतरावर, सेकंदाला चार-पाच. बाबांचा चेहरा उजळला. "आली! बघा, आली! आडुदु! मी म्हणत नव्हतो?"

लोक एकदम बोलायला लागले. कुणीतरी बिल्डरच्या इंजिनियरच्या अंगावर धावून गेल्यासारखं केलं. आणि मी, कारखान्यात आम्ही जे करतो तेच केलं. तिथे आमची पद्धत अशी आहे की संशय आला तर एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. मी फोन बाबांच्या हातातून घेतला आणि त्याच जागी उभं राहून इंजिनियरच्या तळव्यावर ठेवला. रेघ शांत. चौथ्या मजल्यावरच्या मालकाच्या हातात दिला. शांत. माझ्या स्वतःच्या हातात. शांत. पुन्हा बाबांच्या हातात दिला. त्यांनी घेतला, कारण मी दिला म्हणून घेतला. काही क्षण गेले आणि लाटा परत आल्या.

"ही इमारतीची कंपनं नाहीत," मी म्हटलं. आधी इंग्रजीत, सगळ्यांना कळावं म्हणून. मग मराठीत, बाबांना कळावं म्हणून. "बाबा, इमारत हलत नाही. तुमचा हात हलतोय."

तुमचा हात हलतोय. तक्रारीचा निकाल लागावा तसं मी ते म्हटलं. आवाज चढवून, स्पष्ट, बाबांच्याच घराण्यातला आवाज.

कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं, मी त्याच्यावर तुटून पडले असते. दुसऱ्या मजल्यावरची ती भाजीची पिशवीवाली बाई बाबांच्या हाताकडे बघत होती. मग तिने पटकन नजर वळवली. एकेकाने नजर वळवली. बाबांनी फोन टेबलावर ठेवला, ठेवताना तो टेबलाच्या पत्र्यावर खडखडला. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने धरला आणि पोटाशी घेतला, जसं लहान मूल दुखरं बोट धरतं. "ठीक आहे," ते म्हणाले. "मीटिंग चालू द्या." आणि लिफ्ट समोर उघडी असताना जिन्याने वर गेले.

मीटिंग चालू राहिली. तक्रारीतलं वाक्य काढून टाकलं. चौथ्या मजल्यावरच्या मालकाने माझे आभार मानले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी मी "इट्स ओके" म्हणाले.

खुर्च्या उचलताना रायर जवळ आले. मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं हो."

"मज ठाऊक होतें," ते म्हणाले. "माझे थोरले बंधूस असेंच झालें होतें. रोज पाहत होतों. म्हणून होव म्हणत होतों." त्यांनी एक खुर्ची उचलली. "त्यांसही ठाऊक असेल. मनुष्यास आपुला हात ठाऊक असतोच." त्यांनी मला बोल लावला नाही. दोन खुर्च्या एकात एक घालून ते निघून गेले. मला वाटलं त्यांनी चार शब्द सुनवायला हवे होते, म्हणजे मला उलट बोलता आलं असतं.

म्हणजे ज्या माणसाच्या मराठीला मी हसत होते, तो रोज सकाळी बाकावर बसून माझ्या बापाची अब्रू झाकत होता. आणि मी, बाबांची लेक, ती अब्रू फोनवर रेघ काढून उघडी पाडली. नुसती उघडी पाडली नाही, सगळ्यांच्या हातात फोन देऊन खात्री पटवून दिली. अजूनही हे आठवलं की मला सगळ्यात जास्त टोचतं ते बाबांच्या हातात दुसऱ्यांदा फोन दिला ते. पहिल्यांदा त्यांनी मागितला होता. दुसऱ्यांदा त्यांनी मागितला नव्हता.

वर गेले तर बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "तुझं बरोबर होतं. यंत्र बरोबर होतं." मी रडायला लागले. ते म्हणाले, "अग, रडतेस काय? तपासणी म्हणजे तपासणी."

मग डॉक्टरांकडे गेलो. मेंदूच्या डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली आणि फार वेळ न घेता रोगाचं नाव सांगितलं. पार्किन्सन. गोळ्या सुरू झाल्या. एकट्याने राहणं आता नको, असं डॉक्टर इंग्रजीत माझ्याशी बोलले. बाबांना तेवढं इंग्रजी कळतं. बाहेर रिक्षाची वाट बघताना त्यांनी विचारलं, "मग तिकीट?"

नवऱ्याने त्यांचं कऱ्हाडचं तिकीट काढून ठेवलं होतं. पाऊस थांबला होता आणि आमच्याकडची कारणं संपली होती. बाबांनी बॅगही भरायला घेतली होती. तिकडे घर झाडून ठेवायला शेजारच्या वहिनींना फोन करून सांगितलं होतं, गच्चीवरची टाकी धुवायला सांगितली होती. मी म्हटलं, "आता कसं जाणार बाबा?"

ते रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, "कधी वाटायचं हात आहे. कधी वाटायचं इमारत आहे. इमारत असती तर बरं झालं असतं ग. मी तुला म्हणालो असतो, बाई, तुझी इमारत हलते, मला भीती वाटते, मला माझ्या घरी पोचव. तुझ्या मनालाही लागलं नसतं. नुसतं 'मला जायचंय' म्हटलं तर लेकीच्या घरी काही कमी पडलं असं होतं."

रिक्षा आली. मी त्यांना हात द्यायला गेले, त्यांनी तो न घेता दांड्याला धरून चढायचा प्रयत्न केला, मग घेतला.

म्हणजे इतक्या दिवसांत ते ज्याच्यासाठी धडपडत होते ते एवढंच होतं. मला न दुखवता स्वतःच्या घरी जायचं. वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत त्यांनी जी साक्ष गोळा केली, ती त्यासाठी. आणि मी पार्किंगमध्ये उभी राहून त्यांचं ते एकुलतं एक निमित्त मोडून काढलं, वर इमारतीला निर्दोष ठरवल्याबद्दल आभारही घेतले. तिकीट रद्द केलं तेव्हा बाबा शेजारीच बसले होते. "झालं का रद्द?" म्हणाले. झालं म्हटल्यावर बॅगेतून सदरे काढून परत कपाटात ठेवायला लागले. मी मदतीला गेले तर म्हणाले, "राहू दे, मला काय दुसरं काम आहे."

त्यानंतर ते खाली बसायला जात नाहीत. रायर वर येतात. इमारतीबद्दल दोघांत अवाक्षर निघत नाही. जिन्यात कुणी भेटलं की लोक बाबांशी जरा जास्तच गोड बोलतात आणि बाबा त्यांना उत्तर देताना हात पाठीमागे धरतात. लिफ्टमध्ये ते आता काहीच बोलत नाहीत. त्यांचा तो मोठा आवाज मला नकोसा झाला होता, आता घरात तो ऐकू येत नाही म्हणून मी कामावरून आले की उगीचच काहीतरी विचारत बसते.

कऱ्हाडला मात्र त्यांनी आजाराचं कुणाला कळू दिलं नाही. हे मला कळलं ते आत्याच्या फोनमुळे. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, आमच्या गल्लीच्या पलीकडेच राहते, आणि तिला कळलं म्हणजे सगळ्या गावाला कळतं. रविवारी दुपारी तिचा फोन आला. मी पोळ्या करत होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. बाबा समोर टेबलाशी होते.

"अग, काय तुझं कौतुक करावं!" आत्या म्हणाली. "दादा सगळं सांगत होता. म्हणाला, मी निघालो होतो ग, बॅगसुद्धा भरली होती, पण लेक सोडेना. म्हणाली, बाबा, तुमच्याशिवाय मला करमत नाही. तिकीट रद्द करून टाकलंन म्हणे! इथे सगळ्या बायका म्हणताहेत, लेक असावी तर अशी. माझ्या सुनांना ऐकवलं मी."

तव्यावरची पोळी उलटायची राहिली. बाबा माझ्याकडे बघत होते. त्या मीटिंगनंतर पहिल्यांदा ते माझ्याकडे असे नीट, सरळ बघत होते. त्यांनी डोकं किंचित हलवलं. हो म्हण, अशा अर्थाने.

"सांग की ग, खरं ना?" आत्या विचारत होती.

"हो आत्या," मी म्हटलं. "नाही करमत मला."

"गुणाची ग माझी बाई. तुझ्यासारखी लेक सगळ्यांना मिळो."

बाबा समाधानाने मागे टेकले. एवढं नाव त्यांनी मला मिळवून दिलं होतं, माझ्या माहेरच्या गावात. मी आत्याला म्हटलं की पोळी करपतेय, आणि फोन बंद केला.